डॉक्टर रखमाबाई यांचे चरित्र व त्यावरून घ्यावयाचा बोध

लग्नाची बायको नांदावयास येत नाही, तिला आणून द्यावी, अशी तक्रार घेऊन एखादा बंधू पाळकाकडे किंवा उपदेशकाकडे येतो, हा प्रसंग खेड्यापाड्यांतील मंडळ्यांस नवा नाही. वर्धा जिल्ह्यातील आंजी (मोठी) सारखे मोठे गाव असो, की दहा घरांची लहान वस्ती असो, अशा वेळी बहुधा एकच उपाय योजिला जातो. चार वडील माणसे बसतात, मुलीची समजूत घालतात व तिला सासरी पोहोचवून येतात. तिचे स्वतःचे म्हणणे काय आहे, हे विचारावयाचे मात्र पुष्कळदा राहून जाते. हाच प्रश्न एकदा मुंबईच्या हायकोर्टापुढे आला होता व त्याने सर्व हिंदुस्थान हालवून सोडला होता. ज्या बाईमुळे तो आला, त्या डॉक्टर रखमाबाई यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

रखमाबाईंचा जन्म मुंबईस ता. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव जनार्दन पांडुरंग व आईचे जयंतीबाई. आईचे लग्न लहानपणीच झाले होते. पंधराव्या वर्षी ती आई झाली आणि सतराव्या वर्षी विधवा झाली. तेव्हा रखमा अवघी अडीच वर्षांची होती. हे घराणे सुतार जातीचे असून त्या जातीत विधवेच्या पुनर्विवाहास मनाई नव्हती. पुढे सुमारे सहा वर्षांनी जयंतीबाईंनी मुंबईतील नामांकित वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ डॉक्टर सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. १८५६ च्या कायद्याने हिंदू विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली खरी, परंतु त्याच कायद्याने तिचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क, दुसरे लग्न होताच, संपत असे. इतकेच नव्हे, तर मुलांचा सांभाळ कोणी करावा याविषयी बापाने मृत्युपत्रात काही लिहून ठेवले नसेल, तर त्याच्या नातलगांस कोर्टात अर्ज करून त्या मुलांसाठी दुसरा पालक मागता येत असे. म्हणजे बाईने पुन्हा संसार मांडावयाचा, तर जुन्या घरची मिळकत सोडावी आणि पोटच्या पोराविषयीही धास्ती बाळगावी, अशी तिची अवस्था होती. जयंतीबाईंनी लग्नापूर्वीच नवऱ्याची मिळकत आपल्या मुलीच्या नावे करून दिली. मुलगी आईजवळच राहिली व सावत्र बापाने तिला पोटच्या मुलीप्रमाणे वाढविले. परंतु तिच्या नावावरील ही मिळकतच पुढे भांडणाचे एक कारण झाली.

अकराव्या वर्षी रखमेचे लग्न डॉक्टर सखाराम यांच्या नात्यातील दादाजी भिकाजी नावाच्या तरुणाशी लावण्यात आले. वर विशीच्या आतबाहेरचा असून गरीब होता. त्याने सासऱ्याच्या घरी राहावे, विद्या शिकावी व आपल्या पायांवर उभे राहावे, असे ठरले होते. लग्नानंतर काही महिन्यांतच मुलगी वयात आली, तेव्हा रीतीप्रमाणे गर्भाधानविधी करावा असा आग्रह झाला. परंतु डॉक्टर सखाराम हे शरीरशास्त्र जाणणारे होते. कोवळ्या मुलीवर मातृपद लादल्याने काय होते, हे त्यांनी दवाखान्यात पाहिले होते. त्यांनी तो विधी होऊ दिला नाही. इकडे दादाजींचे मन अभ्यासात रमले नाही. ते सासरचे घर सोडून आपल्या मामांकडे राहावयास गेले. तेथे त्यांस उद्योग राहिला नाही, कर्ज झाले व क्षयासारख्या आजारानेही गाठले.

याउलट रखमाबाईंचे मन पुस्तकांत रमले. त्या घरीच अभ्यास करीत व फ्री चर्च मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून वाचीत. प्रार्थनासमाजाच्या व आर्य महिला समाजाच्या सभांस त्या आईबरोबर जात. अशा रीतीने नऊदहा वर्षे लोटली. नवराबायको एक दिवसही एका घरात संसार करून राहिली नव्हती. दोन अनोळखी माणसांत जितके अंतर असावे, तितके या दोघांत पडले होते.

१८८४ च्या मार्चमध्ये दादाजींनी वकिलामार्फत नोटीस पाठविली की, माझी बायको माझ्या स्वाधीन करावी. रखमाबाईंनी जाण्याचे नाकारले. तेव्हा त्यांनी मुंबई हायकोर्टात दावा लाविला. त्यांचे म्हणणे असे की, बायकोच्या मनात काही नाही, तिच्या आईने व आजोबांनी मिळकतीकडे पाहून तिचे मन फिरविले आहे. रखमाबाईंचे उत्तर असे होते की, वादीस आपल्या बायकोचा चरितार्थ चालविण्याचे सामर्थ्य नाही, त्याची प्रकृती बिघडलेली आहे, ज्या मामांच्या घरी तो राहतो तेथे राहणे योग्य नाही, आणि सर्वांत मुख्य म्हणजे हे लग्न अजाण वयात, आपल्या संमतीवाचून झालेले आहे. दाव्याची सुनावणी होण्यापूर्वीच, १८८५ च्या एप्रिलात, डॉक्टर सखाराम वारले व रखमाबाईंचा मोठा आधार गेला. तथापि त्या खचल्या नाहीत. त्याच वर्षी टाइम्स ऑफ इंडिया पत्रात एका हिंदू स्त्रीने लिहिलेली दोन पत्रे प्रसिद्ध झाली, एक बालविवाहावर व दुसरे सक्तीच्या वैधव्यावर. ती रखमाबाईंचीच होती.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी ता. २१ सप्टेंबर १८८५ रोजी दावा काढून टाकिला. त्यांनी दाखविले की, असा दावा मूळ हिंदू धर्मशास्त्रातील नव्हे. तो विलायतेतील चर्चच्या न्यायालयांत निघाला व तेथून या देशात आणला गेला. शिवाय ज्यांनी एकदा संसार केला व मग एकमेकांस सोडले, अशांस पुन्हा एकत्र आणण्यासाठी तो उपाय आहे. येथे तर संसार मुळी सुरूच झाला नव्हता, आणि मुलगी लग्नाच्या वेळी असहाय बालिका होती. अशा स्त्रीस बळाने परक्या पुरुषाच्या घरी पाठविणे त्यांस क्रौर्याचे वाटले. आणखी एक नवल असे की, नवऱ्याकडे किंवा बायकोकडे न जाणाऱ्यास तुरुंगात घालण्याची चाल खुद्द विलायतेत १८८४ साली, म्हणजे दादाजींची नोटीस निघाली त्याच वर्षी, बंद झाली होती. हिंदुस्थानात मात्र ती चालूच होती.

या निकालाने एकच गहजब उडाला. लोकमान्य टिळकांच्या केसरी व मराठा या पत्रांनी त्यावर कडक टीका केली. परके न्यायाधीश आमच्या विवाहसंस्थेत हात घालीत आहेत, असा त्यांचा आक्षेप होता. उलट बाजूस बेहरामजी मलबारी, एल्फिन्स्टन कॉलेजचे प्रिन्सिपल वर्ड्स्वर्थ इत्यादी मंडळींनी रखमाबाईंच्या साह्यासाठी समिती स्थापिली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग हे त्यांच्या वकिलांपैकी एक होते. अमेरिकेत गेलेल्या पंडिता रमाबाई यांनीही १८८७ साली तेथे प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याची हकीकत घातली.

दादाजींनी अपील केले. मुख्य न्यायाधीश सार्जंट व न्यायमूर्ती बेली यांनी १८८६ साली ठरविले की असा दावा चालू शकतो, आणि खटला फेरचौकशीसाठी परत पाठविला. अखेर ता. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूमनामा केला की, रखमाबाईंनी एका महिन्याच्या आत नवऱ्याच्या घरी राहावयास जावे, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद भोगावी. या निकालाच्या अवघे सहा दिवस आधी, ता. २६ फेब्रुवारी रोजी, डॉक्टर आनंदीबाई जोशी पुण्यास निवर्तल्या होत्या. एक शिकलेली स्त्री काळाने नेली होती व दुसरी तुरुंगाच्या दारात उभी होती. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी शांतपणे कळविले की, आपण कैद भोगू, परंतु मनाविरुद्ध त्या घरी जाणार नाही.

वाचकहो, या उत्तराचा नीट विचार करावा. त्यांनी कोर्टाचा अपमान केला नाही. त्या पळून गेल्या नाहीत. कायद्याने सांगितलेली शिक्षा सोसावयास त्या तयार होत्या. केवळ स्वतःच्या अंतःकरणास जे खोटे वाटत होते, ते खरे म्हणून वागण्यास तयार नव्हत्या.

तुरुंगात जाण्याचा प्रसंग मात्र आला नाही. १८८८ च्या जुलैत तडजोड झाली. दादाजींनी २००० रुपये घेतले व हुकूमनामा बजावावयाचा नाही असे कबूल केले. पुढे लौकरच त्यांनी दुसरे लग्न केले. विलायतेच्या राणीने हा विवाह रद्द केला, असे कित्येक ठिकाणी लिहिलेले आढळते, पण खटल्याचा शेवट झाला तो या तडजोडीने. ती तडजोड म्हणजे घटस्फोट नव्हे. त्या काळच्या कायद्यात हिंदू पुरुषास दुसरी बायको करता येत होती, परंतु बाईस मात्र लग्नाच्या बंधनातून सुटण्याचा मार्ग नव्हता. रखमाबाई पैसे देऊन कैदेतून सुटल्या, लग्नातून सुटल्या नाहीत. त्यांनी पुन्हा कधी विवाह केला नाही. १९०४ साली दादाजी वारले, तेव्हा त्यांनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

यापुढील त्यांचे आयुष्य सेवेचे आहे. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधील डॉक्टर ईडिथ पीची यांच्या उत्तेजनाने व अनेकांच्या मदतीने त्या १८८९ साली विलायतेस गेल्या व लंडन येथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकू लागल्या. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. स्वदेशी परतल्यावर १८९५ पासून त्यांनी सुरतेस स्त्रियांच्या इस्पितळाचा कारभार पाहिला व पुढे राजकोटच्या जनाना इस्पितळात काम केले. या देशात प्रत्यक्ष वैद्यकी करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. सुमारे ३५ वर्षे त्यांनी बाळंतिणींची व मुलांची शुश्रूषा केली. ज्या वयात मुलींवर मातृपद येऊ नये म्हणून त्यांचे सावत्र वडील झगडले, त्याच वयाच्या किती मुली त्यांच्या हातांखालून गेल्या असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

कायदा मात्र मंद पावलांनी चालला. १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीचे वय दहावरून बारा वर्षे झाले. त्या चळवळीस या खटल्याने मोठी चालना दिली होती. नवऱ्याकडे न जाणाऱ्या स्त्रीस कैदेत टाकण्याची तरतूद १९०८ च्या दिवाणी कायद्याने न्यायाधीशाच्या मर्जीवर सोपविली व १९२३ साली ती साफ काढून टाकण्यात आली. फॅरन साहेबांच्या हुकूमनाम्यास तेव्हा ३६ वर्षे झाली होती. मुंबई इलाख्यात १९४७ साली हिंदूंस घटस्फोटाचा कायदा मिळाला, परंतु वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात असल्याने आंजीच्या बाईस त्याचा उपयोग नव्हता. सर्व देशास लागू असा हिंदू विवाह कायदा ता. १८ मे १९५५ रोजी अमलात आला. रखमाबाई त्याच वर्षी ता. २५ सप्टेंबर रोजी, नव्वद वर्षांच्या होऊन, मुंबईस निवर्तल्या. जो हक्क त्यांस तरुणपणी मिळाला नाही, तो देशातील इतर स्त्रियांस मिळाल्यावर चार महिन्यांनी त्यांनी डोळे मिटले.

हे वाचून कोणी म्हणेल की, ही हिंदू समाजातील गोष्ट आहे, आपणास तिचे काय? आम्हांस हे म्हणणे मान्य नाही. ज्या दाव्याने रखमाबाईंस तुरुंगाच्या दारापर्यंत नेले, तो चर्चच्याच न्यायालयांतून आला, हे वर सांगितलेच आहे. आता आपल्या घराकडे पाहू. १८७२ च्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यात देशी ख्रिस्ती मुलगी तेरा वर्षांवर असली म्हणजे तिचे लग्न लावण्यास हरकत नव्हती. मुलीस अठरा व मुलास एकवीस ही मर्यादा १९७८ साली आली. १८६९ च्या घटस्फोटाच्या कायद्यात बायको व्यभिचारी आहे एवढे दाखविले की नवऱ्याचे काम होई. बायकोने मात्र नवऱ्याचा व्यभिचार दाखवून, त्यावर क्रूरपणा किंवा दोन वर्षे टाकून देणे असे आणखी काही सिद्ध करावे, असा नियम होता. जिल्हा न्यायाधीशाने घटस्फोट दिला तरी हायकोर्टाच्या मंजुरीवाचून तो पक्का होत नसे. आपल्या कायद्यातील ही विषमता २००१ साली दूर झाली, म्हणजे १३२ वर्षांनी. तेव्हापासून ख्रिस्ती नवराबायकोस समान कारणे मिळाली आणि दोन वर्षे वेगळे राहिलेल्यांस दोघांच्या संमतीनेही न्यायालयाकडे जाता येऊ लागले.

म्हणून मंडळीच्या पुढाऱ्यांस व उपदेशक बंधूंस आम्ही चार गोष्टी नम्रपणे सुचवितो.

पहिली गोष्ट, भांडून आलेल्या मुलीस परत पाठविण्यापूर्वी तिला एकटीला, सासरच्या माणसांच्या गैरहजेरीत, विचारावे. मार बसतो काय, उपाशी ठेवितात काय, दारूचे व्यसन आहे काय, हे जाणून घ्यावे. समेट करणे चांगलेच आहे, परंतु भीतीने घडवून आणलेला समेट टिकत नाही. मारहाण होत असेल, तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने तिला संरक्षण व राहावयास घर मागता येते.

दुसरी गोष्ट, पंचांसमक्ष मुद्रांकाच्या कागदावर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने ख्रिस्ती विवाह मोडत नाही. तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यानेच मोडतो. असा कागद हाती धरून एखाद्याने दुसरे लग्न केले, तर तो गुन्हा होतो, आणि त्या दुसऱ्या बाईची व तिच्या लेकरांची अवस्था बिकट होते. रखमाबाईंच्या तडजोडीने त्यांचे लग्न मोडले नाही, हे येथे स्मरावे.

तिसरी गोष्ट, भांडणात लेकरू कोणाच्या बाजूचे, हा प्रश्नच चुकीचा आहे. १८९० च्या पालक व पाल्य कायद्याप्रमाणे न्यायाधीश पाहतो ते मुलाचे हित. बाप कमावतो म्हणून, किंवा आई रडते म्हणून, मूल आपोआप कोणाचे होत नाही. ते कोठे निजेल, काय खाईल, शाळेस कोण पाठवील, हे पंचांनीही आधी पाहावे. मुलास ओलीस धरून बायकोस किंवा नवऱ्यास वाकविणे, यासारखे वाईट काम नाही.

चौथी गोष्ट पोटगीची. ज्याला ऐपत आहे व जो बायकोस, अज्ञान मुलांस किंवा निराधार आईबापांस पोसत नाही, त्याच्याविरुद्ध मॅजिस्ट्रेटाकडे अर्ज करता येतो. धर्म कोणताही असो. हा जुना नियम आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात आहे. यासाठी घटस्फोट झालेलाच असावा लागतो असे नाही. नवरा दूरच्या शहरी असला, तरी माहेरी राहणाऱ्या बाईस आपल्याच जिल्ह्यात हा अर्ज करता येतो. आंजीहून वर्ध्यास जाऊन त्याच दिवशी परत येता येते. वकिलाच्या फीस पैसा नाही म्हणून कोणी घरी बसू नये, कारण १९८७ च्या कायद्याप्रमाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांस व मुलांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, फुकट वकील मिळतो.

कायदा माणसास घरात ठेवू शकत नाही, तो फार तर दाराशी नेऊन सोडू शकतो. मुंबईच्या हायकोर्टास जे बळाने साधले नाही, ते गावच्या चार पंचांस साधेल, असे समजू नये. विवाह पवित्र आहे असे आपण मानतो, त्याअर्थी त्यात येणारा प्रत्येकजण आपल्या खुशीने आलेला असावा आणि त्यात राहणारा प्रत्येकजण निर्भय असावा, हे पाहणे आपल्याच अंगी येते. रखमाबाईंनी एवढेच मागितले होते. मंडळीतील एकाही मुलीस ते मागण्यासाठी तुरुंगाचे नाव ऐकावे लागू नये, यासाठी प्रत्येक उपदेशकाने आपल्या गावी झटावे.